गुरुवारची भाकरी

"बाई, या भाकरीची किंमत तुम्ही काय धरता?" खासनीस साहेबांनी विचारलं.

हौसाआक्काला बसायला खुर्ची दिली होती, पण ती बसली नव्हती. मासळी बाजारात गिऱ्हाइकापुढं उभी राहते तशीच ती टेबलापुढं उभी होती, पदर खोचून.

"कुठल्या भाकरीची?"

"बिरू पुकळे या खेळाडूला तुम्ही दर गुरुवारी जेवू घालत होता. त्या जेवणातल्या."

"ती इकायची नव्हती."

"ते समजलं. पण समजा, विकली असती तर?"

"इकायची असती तर त्येला कशाला घातली असती? गिऱ्हाइकाला घातली असती की!"

मागं बसलेली आमच्या पेठेची माणसं हसली. खासनीस साहेब हसले नाहीत. ते निवृत्त न्यायाधीश होते, लीगच्या शिस्तपालन समितीचे अध्यक्ष होते आणि हसणं त्यांच्या कामात कुठं बसत नव्हतं. त्यांनी कारकुनाकडं मान वळवली. "लिहा. साक्षीदार किंमत सांगू शकत नाहीत. सबब हिशेबनिसांनी लावलेला दर ग्राह्य."

हिशेबनिसांनी दर लावला होता तो हायवेवरच्या हॉटेलातल्या थाळीचा. आक्काच्या चुलीवरची भाकरी, नदीतल्या माशाचं कालवण आणि वर लोणच्याची फोड, याला त्यांनी कागदावर एसी हॉटेलात नेऊन बसवलं होतं. मी भिंतीला टेकून उभा होतो आणि माझ्या कपाळाची शीर ताडताड उडत होती. आयुष्यभर मी चढाई करणाऱ्यांचे घोटे धरले. त्या दिवशी पहिल्यांदा मला एखाद्याची गचांडी धरावीशी वाटली, आणि समोरचा माणूस सत्तरीचा, चष्मेवाला, कुणाच्या अध्यात-मध्यात नसलेला. राग काढायलासुद्धा जागा नव्हती.

मी सर्जेराव मल्लाव. भोईपेठ तालमीच्या कबड्डी संघाचा तेव्हाचा कप्तान, डावा कोपरा. गोष्ट जुनी आहे. माझ्या गुडघ्याची वाटी आता जिना चढताना बोलते, आणि त्या सालच्या गोष्टी निघाल्या की मीही बोलतो, जरा जास्तच.

आमच्या कृष्णाकाठी पैशाची कबड्डी नुकती सुरू झाली होती. लीग निघाली, संघांना मालक आले, सामने टीव्हीवर दिसायला लागले. ज्याच्याकडं पैसा तो सगळे चांगले खेळाडू उचलून नेईल म्हणून लीगनं नियम केला, की एका संघानं सगळ्या खेळाडूंना मिळून अमुक एवढंच मानधन द्यायचं, त्याच्या वर नाही. लोक त्याला 'कॅप' म्हणायचे. नियम चांगला होता. मी आजही म्हणतो, चांगला होता. आमच्यासारख्या वर्गणीवर चालणाऱ्या तालमीनं कारखानदाराच्या संघाशी दोन हात करायचे तर असा नियम पाहिजेच. आम्ही तो इमानानं पाळला. मर्यादेला चिकटून, पण आत राहिलो.

पण आमच्या तालमीची एक रीत होती, कुस्तीच्या काळापासूनची. बाहेरगावचा गडी तालमीत आला, की पेठेतली सात घरं त्याचे सात वार वाटून घ्यायची. सोमवारी एकाच्या घरी जेवायचं, मंगळवारी दुसऱ्याच्या. राहायला तालमीची माडी. त्या गड्यानं जिंकायचं आणि पेठेनं त्याला पोसायचं. यात उपकार कुणावर कुणाचे, हे कुणी कधी काढलं नाही. उलट वार मिळावा म्हणून घराघरांत रुसवेफुगवे व्हायचे. हौसाआक्काला पोरबाळ नव्हतं, नवरा नदीत गेलेला. तिनं गुरुवार मागून घेतला होता आणि तो कुणी काढून घेऊ नये म्हणून ती दोन वेळा तालमीच्या अध्यक्षांशी, अण्णांशी, भांडली होती.

बिरू पुकळे माणदेशातला. बाप मेंढरं राखायचा. मेंढरांमागं रानोमाळ पळून त्या पोराचा दम असा तयार झाला होता, की एकदा 'कबड्डी कबड्डी' म्हणत मध्यरेषा ओलांडली की समोरच्यांना घाम फुटायचा पण याचा श्वास तुटायचा नाही. बोलायला मात्र लाजाळू. पहिल्या गुरुवारी आक्कानं तिसरी भाकरी वाढली तर हा खाली मान घालून म्हणाला, "आक्का, बास झालं, उद्याच्या घरचं न्हाई जायाचं मग." तेव्हापासून तो तिचा लेक झाला. तिच्या माशाची पाटी बाजारापर्यंत हाच डोक्यावरून न्यायचा. टीव्हीवर दिसणारा रेडर आणि डोक्यावर माशाची पाटी! लोक थांबून बघायचे.

त्याच्या जोरावर आम्ही फायनलला गेलो. पेठ वेडी झाली. मरीआईच्या जत्रेला चौकात मोठा फ्लेक्स लागला. मध्ये बिरू मांडीवर थाप मारताना, आणि भोवती सात गोलांत सात घरांचे फोटो. वर लिहिलेलं, 'ढाण्या वाघाला खुराक देणारे सात वारांचे सात मानकरी'. खाली कुणाचं दूध, कुणाची अंडी, कुणाचं रविवारचं मटण, सगळं नावानिशी. आक्कानं फोटोसाठी नथ घातली होती.

आणि त्याच आठवड्यात लीगचं पत्र सगळ्या संघांना आलं. संघाला कोण कोण वस्तूरूपानं मदत करतं त्याची माहिती द्या. आमचे अध्यक्ष विश्वासअण्णा परळे. सायकलच्या दुकानावर तालीम पोसणारा देवमाणूस, पण भोळा सांब. त्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, "सर्जा, सत्कार दिसतोय रं मानकऱ्यांचा." माहिती लिहून द्यायची, तर नावं चुकायला नकोत म्हणून त्यांनी चौकातला फ्लेक्सच सोडवला, गुंडाळी केली आणि टेम्पोत घालून लीगच्या कचेरीत पोचता केला. पोच घेतली. येताना पेढे आणले.

ज्यांचा संघ आमच्यासमोर फायनलला होता त्या संगम प्रतिष्ठाननं त्याच पत्राला एका शब्दात उत्तर दिलं, 'निरंक'. आणि लगेच दुसऱ्या दिवशी आमच्याविरुद्ध तक्रार ठोकली.

संगमचे मालक आबासाहेब, साखर कारखान्याचे चेअरमन. त्यांचा मुख्य रेडर कारखान्यात सुरक्षा अधिकारी होता. त्या बाबानं कारखान्याचं गेट फक्त पगाराच्या दिवशी बघितलेलं. एक कोपरारक्षक ऊस विकास अधिकारी होता, त्याला खोडवा ऊस आणि नवी लावण यांतला फरक माहीत नव्हता. खेळाडूंच्या बायका त्यांच्याच शाळांत, पतसंस्थेत चिकटवलेल्या. सगळं गाव हे जाणून होतं. पण नियमात एक ओळ होती, खेळाडूची स्वतंत्र नोकरी असेल तर तिचा पगार मानधनात धरायचा नाही. आणि दुसरी ओळ होती, खेळाडूला मिळणारं जेवण, निवास, वस्तू यांची बाजारभावानं किंमत मानधनात धरायची. ही नियमावली कारखान्याच्या गेस्ट हाउसवर बसून तयार झाली होती. तिथल्या मटणाचं बिल कुणी मानधनात धरलं नाही.

तर असं ते प्रकरण. सात घरचं जेवण हॉटेलच्या भावानं, माडीचं भाडं लॉजच्या भावानं. बेरीज केली तर आम्ही मर्यादेच्या बाहेर, आणि थोडेथोडके नाही, भरपूर बाहेर.

आक्काची साक्ष झाल्यावर खासनीस साहेबांनी अण्णांना आणि मला आतल्या खोलीत बोलावलं. पंखा कुरकुरत होता. त्यांनी स्वतः आम्हाला पाणी दिलं. माणूस वाईट नव्हता, हेच तर माझं दुखणं आहे.

"परळे, मला तुमच्या मंडळाबद्दल आदर आहे," ते अण्णांना म्हणाले. "पण नियम मी केलेले नाहीत. मी फक्त वाचतो. या नियमानं तुम्ही फायनलमधून बाद होता, पुढच्या वर्षी लीगमधूनही बाहेर. एकच वाट आहे. खेळाडूनं मंडळाला न सांगता परस्पर या सोयी घेतल्या, असं तुम्ही लिहून दिलंत तर दोष त्याच्यावर जातो. त्याच्यावर दोन वर्षांची बंदी येईल. तुमचा संघ परवा खेळेल."

अण्णांनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

"परस्पर?" मी म्हणालो. "अहो, चौकात फ्लेक्स लावला होता!"

"फ्लेक्स मंडळानं लावला असं तुम्ही म्हणालात तर तसं. उत्साही चाहत्यांनी लावला म्हणालात तर तसं. मी विचारीन तेच लिहीन."

"साहेब, संगमचा रेडर कारखान्याचा सुरक्षा अधिकारी आहे. त्याला शिट्टी वाजवता येते का विचारा."

"ती नोकरी आहे. नोकरीचा पगार नियमात येत नाही."

"आणि भाकरी येते?"

"येते," ते म्हणाले. कलमावर बोट ठेवून त्यांनी कागद माझ्याकडं फिरवला. "वाचा."

मी वाचलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. पण फाशी द्यायची ती संन्याशाच्या घरच्यांच्याच हातानं, ही तऱ्हा नवी होती.

"उद्या सकाळी अकरापर्यंत सांगा," साहेब म्हणाले. दारापर्यंत पोचवायलाही आले.

संध्याकाळी तालमीत माणसं जमली. सातही घरची, संघातली पोरं, आणि कोपऱ्यात कुस्तीच्या हौद्याच्या कठड्यावर बिरू. अण्णांनी साहेबांचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं. सांगून झाल्यावर ते कुणाकडंच बघत नव्हते.

"मग काय म्हणता अण्णा?" मी विचारलं.

"मी काय म्हनू? फायनल हाय, सर्जा. पेठंनं इतकी वर्सं वाट बघितली. तुझंबी हे शेवटचंच साल. गुडघा बघ तुझा." त्यांनी घसा साफ केला. "आन् बिरू अजून कवळा हाय. दोन वर्सं म्हंजे काय, अशी जात्यात."

"पुढच्या महिन्यात त्याची पोलिसाची भरती आहे, खेळाडूंच्या कोट्यातनं. बंदीवाला गडी घेतील का?"

सोमवारवाल्यानं मंगळवारवाल्याकडं बघितलं. मला कळून चुकलं, की निम्मी तालीम मनातनं सही करून मोकळी झाली आहे. आणि खरं सांगू? माझ्याही मनात फायनलचं मैदान उभं राहिलं. लाईट लागलेले, चुनखडीनं आखलेल्या रेषा, आणि डाव्या कोपऱ्यात मी. ते चित्र मी हातानं पुसावं तसं पुसलं, तरी परत येत होतं. त्याचा मला आणखी राग आला.

बिरू उठला. हळू चालत टेबलाजवळ आला आणि अण्णांच्या खिशाचं पेन मागितलं.

"आणा. मी देतो लिहून. मीच मागून खाल्लं म्हनतो. माझं काय, मेंढरं हायतच."

पेन त्याच्या हातात पडलं आणि माझा हात सुटला. त्याच्या मनगटावर असा फटका बसला, की पेन हौद्यातल्या मातीत जाऊन रुतलं. पोरगं माझ्याकडं बघतच राहिलं.

"मागून खाल्लंस? कुणाच्या दारात मागायला गेलतास? नाव सांग!"

"सर्जादा, तुमची फायनल..."

"खड्ड्यात गेली फायनल!"

मी म्हणालो खरा, पण माझा आवाज फाटला. मग बायकांच्या बाजूनं हौसाआक्का उठली. तालमीच्या हौद्याकडं बायका कधी येत नाहीत. ती कठड्यापर्यंत आली आणि तिथंच थांबली.

"अण्णा, एकच इचारते," ती म्हणाली. "ज्याला म्या माझ्या हातानं वाढलं, त्येला उद्या त्या हापिसात जाऊन चोर म्हनायचं. म्हनू. तुमाला शिल्ड मिळंल. पर परवाच्या गुरुवारी म्या चुलीपुढं बसू कशी? कोनत्या हातानं थापू भाकरी?"

"आक्का, तसं न्हाई गं..."

"तसंच हाय. खाऊ घालून नाव ठेवायचं, असलं आमच्या भोयांत न्हाई. तुमच्यात आसंल तर सांगा, म्या उठून जाते."

अण्णांनी डोळ्यांवर हात धरला. "बस आक्का," ते म्हणाले. "माझी अक्कल शेण खायला गेलती. बस."

दुसऱ्या दिवशी अण्णा आणि मी गेलो. अण्णांनी उभं राहून सांगितलं, "रीत आमची हाय. फ्लेक्स आमी लावला. पोराचा काय बी दोष न्हाई." खासनीस साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग निकाल वाचला. फायनलमधून बाद. पुढच्या वर्षी लीगमधून बाहेर. संघ बाहेर गेला म्हणून सगळ्या खेळाडूंचे करार रद्द. आवाज जराही हलला नाही. शेवटी म्हणाले, "व्यक्तिशः मला वाईट वाटतं." मी म्हणालो, "साहेब, त्याचा बाजारभाव काय?" अण्णांनी मला दंडाला धरून बाहेर आणलं.

फायनलला आमच्या जागी तिसऱ्या नंबरचा संघ उतरला. संगम जिंकलं. नदीपलीकडं फटाके वाजत होते आणि भोईपेठेत लोकांनी दारं लावून घेतली होती. मी टीव्ही लावला नाही. पण पलीकडचे फटाके ऐकू येऊ नयेत म्हणून काय करायचं?

दोन दिवसांनी संगमचे मॅनेजर शितोळे जीप घेऊन चौकात आले. तोंडभर हसत. फ्लेक्सच्या रिकाम्या सांगाड्याखालीच जीप लावली. बिरूला घेऊन अर्धा तास कोपऱ्यात बोलले. जीप गेल्यावर बिरू माझ्याकडं आला.

"सर्जादा, कारखान्यात सुरक्षा रक्षकाची नोकरी देत्यात. कायम. संगमकडनं खेळायचं."

तक्रार कशासाठी होती ते तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख पडलं. आम्हाला हरवायला नव्हतीच ती. गडी फोडून न्यायला होती. करार रद्द झाला की बिरू मोकळा, आणि मोकळा गडी उचलायला संगमला कुठला नियम आडवा येत होता? मी बिरूला काय काय बोललो असतो! पण तोच पुढं म्हणाला,

"तिथं मेस हाय. कूपन देऊन जेवायचं. कुनाचं काय देनं लागत न्हाई."

"आक्काला सांगितलंस?"

"सांगितलं. जा म्हनली. पोटभर जेव म्हनली."

तो पिशवी घेऊन माडीवरून उतरला आणि मी त्याच्याकडं पाठ करून हौद्यातली माती उकरत बसलो.

त्यानंतरच्याच गुरुवारी दुपारी चौकात मेंढरांचा आवाज आला. आमच्या पेठेत मेंढरं येत नाहीत, रान लांब आहे. बाहेर येऊन बघतो तर तालमीपुढं एक म्हातारा धनगर उभा. लाल पागोटं, खांद्यावर घोंगडं, हातात काठी. पुढं सात मेंढरं, चांगली लोकर भरलेली, धुंडाळून धुंडाळून निवडून आणलेली दिसत होती.

"भोईपेठ हीच न्हवं?" त्यानं विचारलं. "म्या म्हाकू पुकळे. बिरूचा बा."

माझा राग तसाच शिल्लक होता, तो काढायला आता माणूस मिळाला. "या की! पोराला तिकडं धाडला आणि आता मेंढरं घेऊन फिरताय? का सत्काराला आलाय?"

म्हातारा रागावला नाही. ओठ पुसून म्हणाला, "पोटासाठी जायाच लागतं, बाबा. पर देनं ठिवून जाऊ ने. बिरू म्हनला, सात घरानं त्येला जेवू घातलं, आन् सायबानं त्या जेवनाचा भाव केला, आन् तेवढ्यापायी तुमची शिल्ड गेली. माझ्याजवळ पैसा न्हाई. ही सात हायत. घराला एक."

चालत आला होता तो. माणदेशातनं, मेंढरं हाकत, वाटेत मुक्काम करत. त्याच्या पायताणाच्या टाचा झिजून गेल्या होत्या. मी त्याच्यापुढं असा उभा होतो जसा मीच त्याचा सावकार.

दारं उघडली. सातही घरची माणसं बाहेर आली. मेंढरांकडं बघत राहिली, जवळ कुणी जाईना. घ्यावं तर त्या निकालावर आपल्या हातानं शिक्का मारल्यासारखं. नको म्हणावं तर एवढ्या लांबून आलेल्या माणसाच्या तोंडावर दार लावल्यासारखं. रविवारवाला पुटपुटला, "घेऊया की, मन मोडायला नगं त्येचं," आणि त्याच्या बायकोनं त्याला कोपर मारलं.

हौसाआक्का सगळ्यात शेवटी आली. हाताला पीठ होतं.

"पावणं, कुनी सांगितलं तुमाला देनं हाय म्हनून?"

"सायबानं."

"सायेब आमचा कोन लागतो?"

"तुमचा न्हाई लागत," म्हातारा म्हणाला. "आमचाबी न्हाई. पर त्येनं म्होर टाकलंय न्हवं ते? आता न दिसल्यावानी कसं करू?"

आक्कानं हाताचं पीठ झटकलं. ती म्हणाली, "बरं, मेंढराचं मागनं बगू. आज गुरुवार हाय. ऊन झालंय. आत या, दोन घास खावा."

म्हाताऱ्यानं मान हलवली. "नगं, आक्का."

"का? भोयाच्या घरचं चालत न्हाई?"

"चालतं की! माझं लेकरू वाढलंय त्येच्यावर." तो ओशाळून हसला. "पर पुन्यांदा कुनी मोजलं, तर आनू कुठनं? सातच हुती चांगली."

म्हातारा तालमीच्या पायरीवर टेकला. घोंगड्यातनं फडकं काढलं, गाठ सोडली. बाजरीची भाकरी, वाटेत वाळून कडक झालेली, आणि लसणाची चटणी. आमच्या दारात, सात घरं उभी असताना, तो माणूस आपली शिदोरी खायला लागला. अंगात बळ असून काही करता येत नाही, असा संताप मला पुन्हा कधी आला नाही. मी तालमीच्या दाराला लाथ घातली, फळी फुटली, आणि माझाच गुडघा दुखावला.

आक्का घरात गेली. ताट घेऊन बाहेर आली. दोन भाकऱ्या, वाफ निघणारं कालवण, कांदा. सरळ पायरीपर्यंत चालत गेली आणि म्हाताऱ्याशेजारी खाली बसली. ताट मध्ये ठेवलं. पण त्याच्यापुढं सारलं नाही. आधी हात लांब करून त्याच्या फडक्यावरच्या भाकरीचा मोठा तुकडा मोडला, चटणीला लावला आणि तोंडात घातला. कडक होता. ती चावत राहिली, म्हातारा बघत राहिला, सगळी पेठ बघत राहिली. खाऊन झाल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं.

"म्या तुमची खाल्ली," ती म्हणाली. "फिटलं. आता ही तुमी खावा आन् मेंढरं घरला न्या."

"सात घरं हायत, आक्का..."

आक्कानं नुसतं वर बघितलं. रविवारवाल्याची बायको पुढं झाली आणि तिनं त्या भाकरीचा एक तुकडा मोडला. मग सोमवारवाला. मग अण्णा, शनिवार त्यांचा होता. मग उरलेली घरं. वाळक्या बाजरीचे सात तुकडे झाले, फडकं रिकामं झालं. म्हातारा त्या रिकाम्या फडक्याकडं बराच वेळ बघत होता. मग त्यानं ताट ओढलं आणि जेवायला लागला. डोळ्यांतलं पाणी कालवणात पडत होतं, पण हात थांबत नव्हता.

उन्हं कलल्यावर मेंढरं परत गेली. मी त्याला वेशीपर्यंत पोचवलं.

बिरूचं त्या सालच्या भरतीचं जमलं नाही, तो संगमकडून चार वर्षं खेळला. पुढं पोलिसात लागला, आता फौजदार आहे. मनानं वाईट पोरगा नाही. दर जत्रेला पेठेत येतो. अण्णांच्या फोटोला हार घालतो, माझ्या गुडघ्याची चौकशी करतो, आक्काच्या पाया पडतो. ती थकली आहे आता, नीट दिसत नाही. पण त्या दिवशी चूल ती स्वतः पेटवते. ताट वाढून पाट मांडते आणि हाक मारते.

बिरू उंबऱ्याच्या बाहेरच बसून राहतो. चहाचा कपसुद्धा हातात घेत नाही.

"जेवून आलोय, आक्का," तो म्हणतो.